‘सरळ ग्रे करून टाका’ म्हणणाऱ्या वाचकास

प्रिय ‘एक वाचक’,

नाव लिहायची तसदी तुम्ही घेतली नाहीत, तेव्हा याच नावाने हाक मारतो.

अ‍ॅक्सेसच्या फॉर्मवर (मायक्रोसॉफ्टच्या या डेटाबेस प्रोग्रामातल्या माहिती भरायच्या पडद्यावर) एखादं फील्ड नुसतं वाचण्यापुरतं कसं ठेवायचं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘लॉक्ड-एनेबल्डचा एवढा काथ्याकूट कशाला? सरळ एनेबल्ड नो करा, फील्ड ग्रे होतं, विषय संपला. तुमचा कोड लेबलपाशी फुटतो. आणि फॉर्मला कुलूप लावून उपयोग काय, टेबल उघडंच आहे. इतकी वर्षं काम करून एवढं कळत नसेल तर अवघड आहे.’

(नवख्यांसाठी: एनेबल्ड आणि लॉक्ड या फील्डच्या दोन प्रॉपर्टी. एनेबल्ड नो म्हणजे कर्सर आत जात नाही, लॉक्ड यस म्हणजे आतला मजकूर बदलता येत नाही. टेबल म्हणजे माहिती प्रत्यक्ष साठते ती जागा.)

लेबलचं तुमचं बरोबर आहे. फॉर्मवरच्या सगळ्या कंट्रोल्सवर (फील्ड, बटण, लेबल वगैरेंवर) लूप फिरवून प्रत्येकाला लॉक्ड ट्रू म्हटलं, आणि लेबलला ती प्रॉपर्टीच नसते, त्यामुळे 438 ची एरर येते. चूक माझी. मान्य. आभारी आहे.

आता ते ‘अवघड आहे’. मतभेद असू द्या हो, पण ही बोलायची काय रीत झाली? मी फॉक्सप्रो 2.6 या जुन्या डेटाबेस प्रोग्रामपासून हे काम करतोय. तिथे ‘से’ लिहिलं की मजकूर दिसायचा, ‘गेट’ लिहिलं की भरता यायचा. रीड-ओन्ली म्हणजे काय, हे आम्ही त्या काळ्या पडद्यावर शिकलो, तेव्हा प्रॉपर्टी शीट समोर उघडून द्यायला कोणी नव्हतं. माझ्या लेखात शंभर चुका काढा, पण वयावर कशाला घसरायचं? वयाबद्दल तुम्ही थेट बोलला नाहीत, हे मलाही दिसतंय. ‘इतकी वर्षं’ या शब्दांचा दुसरा अर्थ असेल तर कळवा.

राहिलं तुमचं ‘सरळ ग्रे’.

2004 च्या सुमारास तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे होतं. खाते क्रमांक कोणी चुकूनही बदलू नये म्हणून मी नेमकं तुम्ही सांगताय तेच केलं होतं: एनेबल्ड नो. (तेव्हा मीही तुमच्याइतकाच शहाणा होतो.) काउंटरवर एक बाई बसायच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पंधरा इंची जुना मॉनिटर, खिडकीतून दुपारचं ऊन थेट काचेवर. करड्यावर करडा आकडा. त्या पदराचा आडोसा धरून तो वाचायच्या. पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, ‘साहेब, हे पुसट दिसतं.’ मी म्हटलं, सवय होईल.

त्यांना तो क्रमांक उचलून भरणा पावतीच्या फॉर्ममध्ये टाकायचा असे. एनेबल्ड नो असलं की कर्सर आतच जात नाही, मग सिलेक्ट काय करणार आणि कॉपी काय करणार? बाई वाचून हाताने टाइप करायच्या. एके दिवशी 1786 चं 1876 झालं. एकाच्या पिग्मीचे 4,200 रुपये दुसऱ्याच्या खात्यात. संध्याकाळी कॅश जुळली, कारण रक्कम बरोबर होती, खातं तेवढं चुकलं होतं. तीन आठवड्यांनी तो खातेदार पासबुक घेऊन आला आणि काउंटरवर उभा राहून जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऐकून कोणी घेतलं? त्या बाईंनी. मी तेव्हा घरी जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी एनेबल्ड यस, लॉक्ड यस केलं. कर्सर आत जातो, कंट्रोल-सी चालतं, अक्षर काळंभोर दिसतं, पण एक अंकही बदलत नाही. फील्डचा रंग फॉर्मच्या पार्श्वभूमीसारखा केला, म्हणजे इथे लिहायचं नाही हे डोळ्यालाच कळतं. टॅब स्टॉप नो, म्हणजे टॅब दाबत जाताना कर्सर तिथे थांबत नाही. तिसराही मेळ आहे: एनेबल्ड नो आणि लॉक्ड यस. त्यात फील्ड ग्रे होत नाही, पण कर्सरही आत जात नाही, म्हणजे दिसतं छान आणि कॉपी मात्र करता येत नाही. तुमच्या मते हाच तो काथ्याकूट.

आणखी एक. कर्सर ज्या फील्डमध्ये उभा आहे तेच कोडमधून एनेबल्ड फॉल्स करून बघा. 2164 ही एरर येईल. लॉक्ड मात्र कर्सर आत असतानाही बिनतक्रार लागतं. आणि ‘अख्ख्या फॉर्मचं अलाऊ एडिट्स नो का नाही करत?’ असं विचारायच्या बेतात असाल, तर त्याने वर ठेवलेला शोधायचा अनबाउंड कॉम्बोही (टेबलातल्या कुठल्याच फील्डला न जोडलेली, नाव निवडायची यादी) आखडतो. मग ग्राहक फोन करून विचारतो, ‘नाव निवडताच येत नाही, काय करू?’ असे फोन मी घेतलेत. तुम्ही किती घेतलेत, ते माहीत नाही.

टेबल उघडं असण्याबद्दल. माझ्या लेखाच्या शीर्षकातच ‘फॉर्म’ होतं. शिफ्ट दाबून थेट टेबलांपर्यंत पोचायची वाट (बायपास की) बंद करता येते, डेटा सर्व्हरवर नेता येतो, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही. जुन्या एमडीबी प्रकारच्या फाइलीत वापरणाऱ्यागणिक परवानग्या देता यायच्या, 2007 मध्ये एसीसीडीबी हा नवा फाइलप्रकार आला आणि त्यात ती सोय राहिली नाही. ती मी काढलेली नाही. त्याच पतसंस्थेत पुढे एका पोराने शिफ्ट दाबून फाइल उघडली आणि थेट टेबलात जाऊन व्याजाचे आकडे बदलले होते, पण तो मुलगाच तसला होता, त्याचा फॉर्मशी काय संबंध? त्यावर कधी वेळ मिळाला तर वेगळं लिहीन.

लेखातला कोड दुरुस्त केला आहे. आता ज्या कंट्रोलच्या टॅगमध्ये (आपली खूण लिहायच्या मोकळ्या प्रॉपर्टीत) ‘कुलूप’ लिहिलं असेल तेवढेच लॉक होतात, लेबलं आणि बटणं सुटतात. चालवून बघा. पुन्हा कुठे फुटलाच तर एररचा नंबर कळवा, आणि शक्य झाल्यास स्वतःचं नावही.