उशीर का झाला? : यिनन्यांगच्या कथेवरील आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

न्ये यिनन्यांग या थांग काळातील चिनी कथेतल्या मारेकरी मुलीवर मी लिहिलेल्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला, हे कबूल करते. दुसऱ्यांदा वाचताना आपला एक मुद्दा बिनतोड आहे हे लक्षात आले आणि उत्तर लांबले ते त्यामुळेच. आपले म्हणणे थोडक्यात असे: शिकवणीच्या पाचव्या वर्षी सावजाला लहान मुलाशी खेळताना पाहून यिनन्यांग थांबली, याला मी ‘दया’ म्हटले, पण तिने शीर आणलेच, आणि उशिरा केलेला खून हाही खूनच. ज्याला मारायला पाठवले त्याच्याच चाकरीत ती राहिली, ही सरळ फितुरी असून मी ती ‘स्वातंत्र्य’ या शब्दाखाली झाकली. शिवाय कागदाची गाढवे आणि चिलटाचे रूप असलेल्या गोष्टीला ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’ असे बिरूद लावणे ही वाचकाची दिशाभूल आहे. या कथेवरच्या चित्रपटात तर ती त्या माणसाला जिवंत सोडते, मग मी वेगळेच का लिहिले, असेही आपण विचारले आहे.

चित्रपटाचा प्रश्न आधी मिटवते, कारण तो सोपा आहे. होउ श्याओ-श्येन या तैवानी दिग्दर्शकाला ज्या चित्रपटासाठी २०१५ साली कान महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, त्यात ती हात आखडता घेते, हे खरे आहे. पण तो दिग्दर्शकाने केलेला बदल आहे. माझा लेख होता तो नवव्या शतकातील पेई शिंग यांच्या मूळ कथेवर, जी पुढे ९७८ साली पुऱ्या झालेल्या ‘थायफिंग क्वांगची’ या प्रचंड संग्रहामुळे आपल्यापर्यंत टिकून राहिली. त्या कथेत शीर धडावेगळे होतेच.

आता मुख्य आक्षेपाकडे येते. त्यासाठी तिची शिकवणी पुन्हा एकदा क्रमाने पाहावी लागेल, कारण लेखात मी ती घाईने उरकली होती. यिनन्यांग ही वेईबो प्रांतातील न्ये फंग नावाच्या सेनापतीची मुलगी. ती दहा वर्षांची असताना दारी भिक्षेला आलेली एक भिक्षुणी तिला मागते, बाप संतापतो, तेव्हा भिक्षुणी बजावते की लोखंडी पेटीत कोंडून ठेवलीत तरी मी हिला चोरून नेईन. आणि त्याच रात्री मुलगी नाहीशी होते. डोंगरातल्या एका मोठ्या गुहेत तिच्याच वयाच्या आणखी दोन मुली आधीपासून असतात, ज्या काही खात नाहीत आणि उभ्या कड्यावर माकडासारख्या धावतात. तिला एक गोळी आणि सुमारे दोन फूट लांबीची, केस फुंकून टाकला तर तुटेल इतक्या धारेची तलवार मिळते. वर्षभराने वानर, मग वाघ आणि बिबटे, तिसऱ्या वर्षाअखेर ससाणे आणि घारी. पहिल्यांदा वाचताना मला हा क्रम उलटा वाटला होता, कारण वाघानंतर घार ही पायरी खाली उतरल्यासारखी दिसते. पण कथाकार इथे ताकद मोजतच नाही. घारीच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि तलवार आपल्याकडे येते आहे हे त्या पाखराला कळू नये, हा धडा आहे. त्याच सुमारास तलवारीचे पाते पाच इंचांनी कमी होते. पुढे शहरात न्यायची वेळ आली तेव्हा हातात मेंढ्याच्या शिंगाच्या घाटाची कट्यार येते, आणि शिकवणी संपते तेव्हा ती कट्यारही तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, हाडामांसात लपवली जाते. विद्या वाढत जाते तसे शस्त्र आटत जाते. तिच्या नावातल्या ‘यिन’चा अर्थही ‘लपलेली’ असाच आहे.

चौथ्या वर्षी भिक्षुणी तिला शहरातला एक माणूस दाखवते, त्याचे गुन्हे एकेक करून मोजून सांगते, आणि म्हणते की त्याला कळू न देता शीर घेऊन ये, मन घट्ट कर, पाखरू मारण्याइतकेच सोपे आहे. भर दिवसा ते काम होते आणि कोणाला दिसत नाही. पाचव्या वर्षी एका बड्या अधिकाऱ्याची पाळी येते. दाराच्या फटीतून आत शिरून ती तुळईवर दबा धरून बसते, आणि परतते ती फार उशिरा. भिक्षुणी कडाडते, इतका उशीर का? ती सांगते की तो एका लहानग्याशी खेळत होता, मूल गोड होते, म्हणून लगेच हात उचलवेना.

इथेच माझी चूक झाली, आणि ती आपण पकडलीत. मूळ चिनी वाक्यात ‘दया’ नाही. ‘तत्क्षणी वार करणे सोसवले नाही’ एवढाच त्याचा भाव आहे, आणि त्यासाठी आपल्या मराठीत नेमके रूप असताना मी उगाच जड शब्द वापरला. ‘तिने मारले नाही’ आणि ‘तिला मारवेना’ यांत जे अंतर आहे तेच या प्रसंगाचे सगळे मर्म आहे. दया हा मनाचा निर्णय असतो. ‘उचलवेना’ म्हणजे मनाला न विचारता हात थांबणे. यिनन्यांगने काहीही ठरवले नव्हते. मूल खेळून झाल्यावर, म्हणजे अडसर दूर झाल्यावर, तिने काम पुरे केले. लेखातला तो शब्द मी आज बदलला आहे.

पण त्यापुढे जाऊन आपण असे म्हणता की अर्जुनाला पक्ष्याच्या डोक्याखेरीज काही दिसले नाही, ही मात्र परीक्षेत नापास झाली, तेव्हा कथेने तिचा गौरव करण्यासारखे काय आहे? अर्जुनाचा दाखला आपण दिलात हे बरे झाले, कारण द्रोणाचार्यांच्या त्या परीक्षेतली एक गोष्ट आपण बहुधा विसरून जातो. झाडावर ठेवलेला तो भास पक्षी खरा नव्हता. आचार्यांनी तो कारागिरांकडून करवून घेतला होता. झाड, फांद्या, भाऊ, खुद्द आचार्य यांतले काहीही न दिसणे हे तिथे शिष्याचे यश आहे, कारण जे दिसले नाही त्यातले कोणी मरणार नव्हते. भिक्षुणीने मात्र खेळण्यातल्या पाखरावरून सुरुवात केली नाही आणि शेवटची परीक्षा जिवंत माणसाच्या घरात घेतली. त्या तुळईवर एक पंधराएक वर्षांची मुलगी संध्याकाळभर बसून बाप आणि मूल यांचा खेळ पाहते आहे, ही कल्पना करा. तिला दहाव्या वर्षी आईबापांपासून उचलून आणले होते, हे कथाकार इथे एका अक्षरानेही आठवून देत नाही. मला ते न सांगणेच फार मोठे वाटते.

भिक्षुणीचे उत्तर याहून भयंकर आहे. मी लेखात ‘पुढच्या वेळी आधी मुलाला मार’ असा अनुवाद केला होता, तोही सैलच. मूळ वाक्य म्हणते की पुढे असे कोणी भेटले तर त्याचे ज्यावर प्रेम आहे ते आधी तोड, मग त्याचा निकाल लाव. त्यात मुलाचा उल्लेखच नाही. एका मुलापुरती आज्ञा एकदा पाळून संपली असती. हा तर जन्मभराचा नियम झाला. यिनन्यांग वाकून आभार मानते. त्यानंतर कट्यार डोक्यात लपवली जाते आणि विद्या पुरी झाली असे सांगून तिला घरी पोचवले जाते. ‘विद्या पुरी झाली’ हे शब्द चूक झाल्यावर येतात, चुकीआधी नव्हे. हा नियम तिने पुढे एकदा तरी पाळला का, ते कथेत कुठेच दाखवलेले नाही. मारेकऱ्याच्या धंद्याचा गौरव करायचा असता तर कथाकाराला ती एक संधी सहज साधता आली असती.

घरी परतल्यावरचा भाग तर अवघ्या काही ओळींचा आहे. रात्री ती कुठेतरी जाते, पहाटे येते. बाप विचारायला धजत नाही आणि त्याची माया आटते. मग एक दिवस दारावर आरसे उजळणारा पोरगा येतो आणि ती म्हणते, हा माझा नवरा होईल. त्या काळी आरसे काशाचे असत. ते काळवंडले की कथील-पाऱ्याचे मिश्रण चोळून जाड लोकरी कापडाने घासून पुन्हा लख्ख करावे लागत. गल्लीत भाता घेऊन बसणारा, नवसागराचा धूर काढत पातेल्याला चकाकी आणणारा कल्हईवाला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या पोराची सामाजिक पायरी वेगळी समजावून सांगायला नको. सेनापतीच्या मुलीने अशा फिरत्या कारागिराला निवडावे आणि कथाकाराने स्पष्ट लिहावे की त्याला याखेरीज दुसरे काही येत नव्हते! एक लपण्याची विद्या शिकलेली, दुसरा चेहरा दाखवणारी वस्तू उजळणारा. मी यातून फार अर्थ काढते आहे असे आपण म्हणाल, तर म्हणा.

आता फितुरीकडे वळते. बापाच्या मृत्यूनंतर वेईबोचा सेनापती तिला सोने आणि रेशीम देऊन चाकरीला ठेवतो आणि पुढे छेन-श्यूचा लष्करी सुभेदार ल्यू छांगयी याचे शीर आणायला पाठवतो. ल्यूला हे आधीच कळलेले असते. तो तिचे स्वागत करतो आणि म्हणतो की ज्याने त्याने आपल्या धन्याशी इमान राखावे ही जगाची रीतच आहे, पण वेई आणि श्यू यांत असा फरक तो काय? त्याची दूरदृष्टी पाहून ती राहते, आणि मोबदला मागते रोज फक्त दोनशे नाण्यांचा. इथपर्यंत आपला आक्षेप उभा राहतो. पण महिनाभराने एका रात्री ती आपले केस कापून लाल रेशमात बांधते, वेईबोला जाऊन सेनापतीच्या उशाशी ठेवते आणि चौथ्या प्रहरी परत येते, ‘मी आता येणार नाही’ हे त्याला कळावे म्हणून. झोपलेल्या माणसाच्या उशापर्यंत पोचलेली मारेकरीण तिथे निरोप ठेवून निघून जाते. फितूर माणूस इतक्या रीतीने राजीनामा देत नाही. याच्या बाराशेहून अधिक वर्षे आधीचा य्वी रांग याची आठवण इथे होते, ज्याची गोष्ट प्राचीन चिनी इतिहासकार सिमा छ्येन यांनी आपल्या इतिहासग्रंथातील मारेकऱ्यांच्या प्रकरणात दिली आहे. आधीच्या धन्यांसाठी तू जीव दिला नाहीस, मग याच्यासाठी का, असे त्याला विचारले गेले; तो म्हणाला, त्यांनी मला चारचौघांसारखे वागवले, मी चारचौघांसारखी फेड केली; याने मला देशाचा मानकरी मानले. चिनी परंपरेत मारेकऱ्याची निष्ठा ही पगाराला नव्हे, ओळखीला बांधलेली असते. तरीही ‘स्वातंत्र्य’ हा माझा शब्द आजच्या काळातला आणि तिला न शोभणारा होता, एवढे मान्य.

राहिली ‘ऐतिहासिक’ या शब्दाची गोष्ट. कागदाची गाढवे पिशवीत सापडतात, ल्यूला वाचवण्यासाठी ती चिलट होऊन त्याच्या पोटात शिरते, हे सगळे अद्भुतच आहे आणि मी ते कुठेही लपवले नव्हते. पण ल्यू छांगयी हा खरा माणूस आहे, आणि ८१३ साली त्याला राजधानीत परतावे लागले हेही खरे. आपल्या बखरींत दृष्टांत आणि सनावळ्या शेजारी नांदतात, तसाच हा प्रकार. वेईबो तर आन लुशान या सेनापतीच्या बंडानंतर (७५५ ते ७६३) वारसा स्वतःच ठरवणारा आणि दरबाराला न जुमानणारा प्रांत होता. आणि मारेकऱ्यांचे भय कल्पनेतले नव्हते. ८१५ साली राजधानी छांगआनमध्ये पहाटेच्या अंधारात दरबाराकडे निघालेले मुख्य मंत्री वू युआनहंग यांच्यावर हल्ला झाला आणि मारेकरी त्यांचे शीर घेऊन गेले. त्याच पहाटे पेई दू हे दुसरे अधिकारी जखमी होऊन खंदकात पडले आणि वाचले ते डोक्यावरच्या जाड नमद्याच्या टोपीमुळे. त्यानंतर उजाडल्याशिवाय घराबाहेर पडायला अधिकारी धजेनात. ज्या समाजात मंत्र्याचा जीव एका टोपीच्या जाडीवर ठरतो, तिथल्या वाचकाला कट्यारीपासून वाचण्यासाठी ल्यूने गळ्याभोवती जेड हा मौल्यवान दगड गुंडाळून झोपणे ही निव्वळ परीकथा वाटली नसणार.

शेवटी आपण विचारले आहे की ‘वीस वर्षांनी भेटू’ असे भिक्षुणी म्हणाली होती, ती भेट झाली का. कथेत ती नाही. काईछंग काळात, म्हणजे ८३६ ते ८४० दरम्यान, ल्यूच्या मुलाला यिनन्यांग स्सुच्वानच्या डोंगरातल्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर भेटते. चेहरा होता तसाच, आणि बसायला पूर्वीसारखेच पांढरे गाढव. ती त्याला एक गोळी देते आणि पुढच्या वर्षी नोकरी सोडून घरी जा म्हणते. तो ऐकत नाही आणि वर्षाने मरतो. तोवर वीस वर्षे केव्हाच उलटून गेली होती.