तंजावरला दोन तास? अजिबात नाही

‘मोठं मंदिर पाहिलं की तंजावर झालं, दोन तास पुरेत,’ हे तुमच्या तंजावरवरच्या प्रवासलेखातलं वाक्य वाचून खरंच वाईट वाटलं. निदान मराठी वाचकांना तरी असा सल्ला देऊ नका हो! ज्या बृहदीश्वराबद्दल, म्हणजे त्याच मोठ्या मंदिराबद्दल, तुम्ही इतकं छान लिहिलंय, त्याच्याच आवारात तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, चक्क मराठीत. विमानाकडे, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखराकडे, माना वर करून फोटो काढणारी माणसं त्या भिंतीशेजारून सरळ निघून जातात. मी ओळी बोटाने लावत वाचत होते, तर एक तमिळ आजोबा थांबून विचारायला लागले, काय लिहिलंय म्हणून. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. ते नंतर बराच वेळ तिथेच उभे होते.

आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचा उल्लेखच नाही? मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजींनी केवढा तरी वाढवला. ताडपत्रं, मोडीतली दफ्तरं, सगळं तिथे आहे. माझं ऐकाल तर एक मुक्काम कराच. मंदिर सकाळी लवकर आणि पुन्हा संध्याकाळी पाहा, भर उन्हात त्या दगडावर अनवाणी पाय ठरत नाहीत. मधल्या वेळात राजवाडा, ग्रंथालयाचं संग्रहालय, केळीच्या पानावरचं जेवण आणि डबरा-टंबलरमधली (वाटी-पेल्यातली) फिल्टर कॉफी. वेळ उरलाच तर फणसाच्या लाकडाची वीणा घडवणाऱ्या कारागिरांकडेही जाऊन या.