पट्टीखालच्या दोन ओळी

देवगडच्या आमच्या घरात आजीची पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात लुगड्यांखाली मनीऑर्डरची कुपनं आहेत, सुतळीने बांधलेली. आजोबा मुंबईला गिरणीत होते. पोस्टमन पैसे मोजून दिले की फॉर्मचा तेवढा तुकडा फाडून हातात द्यायचा. त्यावर मजकुराला जेमतेम दोन ओळींची जागा. "खुशाल आहे. रु. 120 पाठवले. गोठा शाकारून घे." काळजी, माया, हिशेब, सगळं त्यातच मावायचं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या सात महिन्यांचीही कुपनं त्या गठ्ठ्यात आहेत. रक्कम तीच आणि "खुशाल आहे" तेच. ते पैसे आजोबांनी व्याजाने उचलले होते, हे घरात कळलं तेव्हा लालबागची खोली हातची गेली होती.

मी गेली 14 वर्षं हॅम्बुर्गला आहे. गावाकडचा वाद इथे रोज फोनवर पोचतो. जमीन विकायची की राखायची? एक बाजू म्हणते, पैशाच्या लोभाने पोरं बापजाद्यांची जमीन परक्याच्या घशात घालतात, उद्या आपल्याच समुद्रावर जायला वाट उरणार नाही. दुसरी बाजू म्हणते, कातळावर कुळीथ पिकवून पोट भरत नाही, विकणाऱ्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी त्याच्या पोराची फी भरावी. बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा 2023 मध्ये हा वाद घराघरात शिरला. मला दोन्ही बाजू पटतात. तरी मला वाटतं, आपण चुकीच्या जागी भांडतोय. लोभाने जमीन विकणारे असतील, पण मी जवळून पाहिलेल्या बहुतेक जमिनी लपवलेल्या कर्जाने विकल्या आहेत.

माझ्या बाबांचंच सांगते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा आमच्या बागेत झाडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती, इतका आंबा पडला होता. फोनवर बाबा म्हणाले, "थोडो पडलो. तू काळजी करू नको." त्या वेळी त्यांच्या डोक्यावर वाशीच्या दलालाची आगाऊ उचल होती, सोसायटीचं पीककर्ज होतं आणि फवारणीच्या औषधांची दुकानातली उधारी होती. सगळे मिळून 6 लाख 80 हजार. पुढच्या वर्षी त्यांनी रस्त्याला लागून असलेले 30 गुंठे घाईत विकले, शेजारच्या जमिनीच्या दरापेक्षा खूपच कमी दराने. कारण आकडा बाहेर येण्याआधी तो फेडायचा होता. गाव म्हणालं, म्हातारपणी पैशाची हाव सुटली. बाबांनी ते ऐकून घेतलं. हावरट म्हणवून घेणं त्यांना परवडलं, कर्जबाजारी म्हणवून घेणं नाही.

हे सगळं मला त्यांच्या तेराव्यानंतर कळलं, कपाटातल्या पट्ट्या लावताना. दलाल माल विकून पेट्या, दर, हमाली, तोलाई, दलाली लिहून हिशेबाचा कागद पाठवतो, ती पट्टी. बाबांच्या पट्ट्या वर्षवार खिळ्याला टोचलेल्या होत्या. 2021 च्या शेवटच्या पट्टीवर सगळी वजावट होऊन हातात आलेली रक्कम होती 2,140 रुपये. त्याच महिन्यात त्यांनी माझ्याकडे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी 50 हजार मागितले होते आणि मी दिले होते. देवासाठी लेकीकडे हात पसरता आला, स्वतःसाठी नाही. हे आठवलं की आजही माझ्या पोटात तुटतं.

जर्मन भाषेत कर्जाला आणि अपराधाला मूळ शब्द एकच आहे, शुल्ड. आपल्याकडे तसं नाही. आपण "तुमच्या ऋणात राहायला आवडेल" असं मनापासून म्हणतो, ऋणानुबंध जपतो, पितृऋण मानतो. शब्द बघितले तर अपराधीपणा त्यांच्याकडे जास्त असायला हवा. पैशाबद्दल बोलू नये, अशी म्हणही त्यांच्याकडे आहे, आणि शेजाऱ्याचा पगार इथे कुणी विचारत नाही. पण कर्जात बुडालेल्या माणसाने जायचं कुठे, याचं उत्तर इथे आहे. जवळपास प्रत्येक शहरात कर्जसल्ला केंद्रं असतात. काही नगरपालिकेची, काही धर्मादाय संस्थांची, बरीचशी फुकट. तिथला माणूस तुमच्यासमोर बसून सगळी पत्रं उघडतो, यादी करतो, घेणेकऱ्यांशी बोलतो. काहीच जमलं नाही तर कोर्टातून वैयक्तिक दिवाळखोरी असते. ऑक्टोबर 2020 पासून ती तीन वर्षांत संपते, पूर्वी साधारण सहा लागायची. माझ्याबरोबर लॅबमध्ये काम करणारी एक बाई घटस्फोटानंतर त्यातून गेली. तिने मला चहाच्या वेळी सांगितलं होतं, की उघडायची हिंमत न झालेली पाकिटं ती पिशवीत भरून तिथे घेऊन गेली आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी झोपली. मला खिळ्याला टोचलेल्या पट्ट्या आठवल्या.

इथलं सगळं गावी न्यावं असं मी म्हणणार नाही. सख्ख्या भावाला पैसे देताना लेखी करार करणारी माणसं मी इथे पाहिली आहेत आणि मला ते कोरडं वाटतं. आमच्या वाडीत तांदूळ, नारळ, पाचशे रुपये हातउसने जातात-येतात, त्यात एकमेकांची खबर राहते. बायकांची भिशी तर मला कुठल्याही सल्ला केंद्राइतकीच मोलाची वाटते. दर महिन्याला सगळ्यांसमोर नोटा मोजल्या जातात, कुणाची अडचण असेल तर तिला नंबर आधी मिळतो आणि कुणी मान खाली घालत नाही. जे या बायका ओटीवर बसून करतात, ते त्याच घरातल्या पुरुषांना नातेवाइकांत का जमू नये?

सगळ्यात अवघड जागा बहिणीच्या वाट्याची. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळावा म्हणून महाराष्ट्राने 1994 सालीच वारसा कायदा बदलला, 2005 मध्ये तो देशभर झाला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुलीचा हक्क जन्मानेच आहे, 2005 चा बदल लागू झाला तेव्हा बाप हयात असो वा नसो. तरी बाप गेला की वर्षाच्या आत हक्कसोडपत्राचा कागद येतोच. सही केली तर माहेर राहतं, नाही केली तर लोभी ठरते. मलाही आला. भावाचा आवाज फोनवर इतका बारीक झाला होता की मला त्याची दया आली आणि रागही आला. बाबांच्या उधारीतली अडीच लाखांची बाकी त्याच्या गळ्यात होती, हे त्याने सांगितलंच नाही. कर्ज काढायला सातबारा एकट्याच्या नावावर हवा, एवढंच त्याचं कारण होतं. मी मात्र सहा महिने समजत होते, की त्याला मी नको आहे.

म्हणून गेल्या गणपतीत मी आठ दिवसांची रजा काढून गेले. कोकणातलं घर पूर्ण भरतं ते त्याच दिवसांत. बोलायचं तर तेव्हाच. दुसऱ्या दिवशी आरती आटपल्यावर, जेवणाच्या पत्रावळी उचलायच्या आत, मी पुतण्याची वही मागून घेतली आणि आधी माझा पगार लिहिला, घरभाडं लिहिलं, महिनाअखेरीस उरतं ते लिहिलं. काका उठून खळ्यात गेले. आई म्हणाली, "ह्या आत्ता कित्याक? बाप्पा बसलेत." मी लिहीत राहिले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भावाने वही ओढली आणि उभ्या-उभ्याच लिहिलं. 2,50,000. खाली रेघ मारली. त्याच्या बायकोने तो आकडा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. ती काही बोलली नाही, वही स्वतःकडे घेऊन तिने भिशीत तिचे साठलेले 36 हजार त्याखाली लिहिले.

हक्कसोडपत्र अजून सहीविना माझ्या कपाटात आहे आणि भावाने परत विचारलेलं नाही. माझं नाव सातबाऱ्यावर ठेवून कर्ज दोघांच्या सहीने घेता येईल का, हे त्याने सोसायटीत स्वतः जाऊन विचारलं.

या मे महिन्यात त्याने मला व्हॉट्सॲपवर हंगामाच्या शेवटच्या पट्टीचा फोटो पाठवला. पेट्या, दर, हमाली, तोलाई, दलाली, उचल वजा. तळाशी पेनाने दोन ओळी होत्या. "खुशाल आसंव. औषधवाल्याचे 40 हजार रवले, ते दिवाळीपर्यंत देतलंय."