दिसतंय ना, मग झालं!

मॉनिटर बंद पडला तर माणसाला सहानुभूती मिळते. पडदा काळा, दिवा विझलेला. कुणीही यावं, बघावं आणि ‘अरेरे’ म्हणावं. अंधुक मॉनिटरचं तसं नाही. त्याच्यावर सगळं दिसत असतं, फक्त नीट दिसत नसतं. आणि ‘नीट दिसत नाही’ असं म्हटलं की ऐकणारा मॉनिटरकडे न बघता आधी तुमच्या चष्म्याकडे बघतो.

लॅपटॉपच्या टीचभर पडद्यात दिवसभर मान घालून बसायचा कंटाळा आला, म्हणून मी २४ इंची मॉनिटर आणला आणि एचडीएमआय केबलने जोडला. चित्र आलं. मोठं आलं. पण प्रत्येक अक्षराला कडेने लव फुटलेली. इंग्रजी मजकूर अशा अवस्थेतही एक वेळ वाचता येतो. देवनागरीत मात्र म आणि भ, घ आणि ध यांच्यात जो काही फरक असतो तो एवढ्याशा गाठीचा असतो, आणि अंधुकपणा आधी नेमक्या त्या गाठीच गिळतो. अनुस्वार तर विचारूच नका. कुणा साहेबांनी ‘कार्यभार स्वीकारला’ हे परिपत्रकातलं वाक्य मला ‘कार्यमार स्वीकारला’ असं दिसलं, आणि त्या विभागाचा एकूण कारभार ठाऊक असल्यामुळे ते खटकलंही नाही.

“तुझा नंबर वाढलाय,” बायकोने निदान केलं.

“अगं, हेच अक्षर लॅपटॉपवर स्वच्छ दिसतंय.”

“मग लॅपटॉपवरच बघ ना.”

यावर आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही.

कन्येने मोबाईलमधून डोकं वर न काढता “बाबा, रीस्टार्ट केलास का?” एवढंच विचारलं. केलं होतं. लॅपटॉप ताजातवाना होऊन परत आला आणि त्याने तेच धुकं नव्या उत्साहाने दाखवलं.

शेवटी ऑफिसच्या आयटी विभागाकडे तिकीट, म्हणजे रीतसर तक्रार, टाकलं. पलीकडचा मुलगा सज्जन होता. म्हणाला, “सर, स्क्रीनशॉट पाठवा.” पाठवला. “सर, हा तर एकदम क्लिअर आहे.” असणारच! स्क्रीनशॉट म्हणजे चित्र लॅपटॉपमधून बाहेर पडण्याआधीच काढलेला फोटो. पुढे वाटेत त्याचं काय होतं, याची त्या बिचाऱ्याला गंधवार्ता नसते. मग मी मोबाईलने मॉनिटरचाच फोटो काढून पाठवला. त्यात अक्षरांवर इंद्रधनुष्याच्या लाटा उमटल्या, कारण कॅमेऱ्याचे ठिपके आणि पडद्याचे ठिपके एकमेकांशी जुळत नाहीत. “सर, कॅमेऱ्याचा फोकस गेलाय बहुतेक.” मग त्याने रिमोटने माझा लॅपटॉप ताब्यात घेतला, माउस चार दिशांना फिरवला आणि जाहीर केलं, “माझ्या स्क्रीनवर तर छान दिसतंय.” म्हणजे माझा मॉनिटर माझ्या घरात सोडून बाकी सगळीकडे उत्तम चालत होता.

“केबल बदलून बघा,” तो म्हणाला.

या केबल प्रकरणाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. ‘केबल बदलून बघा’ हा सल्ला व्हीजीएच्या जमान्यातला. १९८७ साली आलेली ती पंधरा पिनांची निळी टोपी ज्यांनी स्क्रू पिळून बसवली असेल त्यांना आठवेल: त्या तारेतून चित्र ॲनालॉग लहरींच्या रूपात जायचं. तार लांब किंवा हलक्या प्रतीची असली की अक्षरामागे त्याचं भूत उभं राहायचं. मग मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबायचं, चित्र डावीकडे-उजवीकडे थरथरायचं आणि कुठेतरी स्थिरावायचं. त्या काळी केबलला दोष देणं रास्त होतं. एचडीएमआयमधून मात्र आकडे जातात. ही केबल खराब असेल तर पडद्यावर ठिणग्या चमकतील, चित्र मधेच गायब होईल, नाहीतर येणारच नाही. अक्षरं मऊ होणार नाहीत. ती केबल बेशिस्त असू शकते, पण अंधुक असू शकत नाही. हे मी त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “हो सर, बरोबर. पण एकदा बदलून बघा.”

तेव्हा तपास मी स्वतःकडे घेतला.

मॉनिटरला विचारावं म्हटलं, तर त्याची बटणं खालच्या कडेला, पोटाशी लपवलेली. पाचही बटणं हाताला सारखीच लागतात. पहिलं मेन्यू उघडतं, दुसरं तो बंद करतं आणि तिसरं मॉनिटरच बंद करतं. आपण चाचपडत असताना मेन्यू कंटाळून आपोआप निघून जातो. बऱ्याच झटापटीनंतर ‘इन्फर्मेशन’ या पानावर पोहोचलो. तिथे लिहिलं होतं: १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ. म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. मॉनिटरची प्रकृती ठणठणीत. लॅपटॉपला विचारलं. त्याच्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये दोन ओळी होत्या: ‘डेस्कटॉप मोड’ १३६६ बाय ७६८ आणि ‘ॲक्टिव्ह सिग्नल मोड’ १९२० बाय १०८०. दोघंही खरं बोलत होते! लबाडी चालली होती ती मधल्या मधे, ग्राफिक्स कार्डात.

झालं होतं असं, की मॉनिटर जोडल्या जोडल्या विंडोजने ‘डुप्लिकेट’ हा पर्याय स्वतःच निवडला होता. दोन्हीकडे एकच चित्र दाखवायचं तर लहान पडद्याच्या मापाचं घ्यावं लागतं, म्हणून त्याने १३६६ चं चित्र घेऊन ते ताणून १९२० चं केलं. आता १९२० भागिले १३६६ म्हणजे साधारण १.४. आडव्या ओळीत १३६६ पाहुण्यांना १९२० खुर्च्यांवर बसवायचं आणि एकही खुर्ची रिकामी दिसता कामा नये, असा हा हिशोब. मग प्रत्येक पाहुणा एक खुर्ची पूर्ण घेतो आणि शेजारच्या खुर्चीवर अर्धवट मांडी टाकतो. काळा ठिपका शेजारच्या ठिपक्यात करडा होऊन सांडतो. धुकं म्हणतात ते हेच. विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबलं, ‘एक्स्टेंड’ (दोन पडदे, दोघांचं चित्र वेगळं) निवडलं, रिझोल्यूशन १९२० बाय १०८० केलं आणि अर्धं धुकं एका झटक्यात उतरलं.

अर्धंच. उरलेलं बघायला मी भिंग आणलं. (घरच्यांनी या क्षणी माझ्याबद्दल आशा सोडली.) भिंगातून शिरोरेखा बघितली तर तिच्या वर आणि खाली एकेक पांढरट रेघ, आणि उभ्या काण्यांच्या कडेला तांबूस-निळसर डाग. शिवाय टास्कबारची खालची कड किंचित कापलेली. इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: मॉनिटर स्वतःला टीव्ही समजत होता! जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून चित्र थोडं फुगवून कडा चौकटीआड लपवायची पद्धत होती. काच गेली, सवय राहिली. त्यात वर टीव्हीची खास हौस म्हणजे ‘शार्पनेस’. ते वाढवल्याने तपशील वाढत नाही. फक्त प्रत्येक रेघेच्या कडेला एक पांढरी रेघ जास्तीची ओढली जाते. सिनेमातल्या नायकाचा जबडा त्याने उठून दिसत असेलही. माझ्या परिपत्रकाला जबडा नाही.

पुन्हा ती बटणं, पुन्हा ती झटापट, आणि ‘एव्ही’ या टीव्हीच्या थाटाच्या जागी संगणकाचा ‘पीसी’ निवडला. शार्पनेस खाली आणला. मग ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगाचा नमुना ‘वायसीबीसीआर ४:२:२’ होता तो ‘आरजीबी’, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला पूर्ण लाल-हिरवा-निळा, असा केला. त्या ४:२:२ चा अर्थ असा, की उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याला पूर्ण मिळते, पण रंगाची माहिती शेजारच्या दोघांत मिळून एक. माणसाचा डोळा रंगातले बारकावे कमी टिपतो, म्हणून चित्रपटात हे खपून जातं. विंडोजचं क्लिअरटाइप मात्र एकाच ठिपक्यातले लाल, हिरवा आणि निळा हे तीन भाग वेगवेगळे वापरून अक्षराची कड घासूनपुसून काढतं. त्याच्या वाट्याला अर्धाच रंग आला तर ते डाग पाडणार नाही तर काय करणार?

सगळं झाल्यावर परिपत्रक उघडलं. कार्यभार. भ ची गाठ सुद्धा सुबक. बायकोला बोलावून दाखवलं. तिने आधीच्या आणि आताच्या अवस्थेत काडीचाही फरक नसल्याचा निर्वाळा दिला, पण “तुला बरं वाटतंय ना?” असं मायेने विचारलं.

आयटीच्या मुलालाही कळवलं: डुप्लिकेट मोड, एव्ही मोड, शार्पनेस, रंगाचा नमुना, सगळं क्रमवार, उद्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडावं म्हणून. त्याने तत्परतेने तिकीट बंद केलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘केबल सदोष. बदलली.’