गाय डबक्यातलं पाणी पिते, म्हणून काय?

पावसाळा लागला की एक मेसेज न चुकता फिरायला लागतो. आशय असा: गाय डबक्यातलं पाणी पिते, कुत्रं उकिरड्यावरचं खातं, गिधाड सडलेलं मढं खातं, वटवाघूळ तर अंगात नाना विषाणू घेऊन उडतं. यातलं कुणी आजारी पडत नाही, कुणी लस घेत नाही. जंतू ओळखायची ताकद निसर्गाने सगळ्यांनाच दिली होती. माणसाने ती उकळलेलं पाणी, साबण आणि लशींच्या नादात घालवली. शेवटी एकवीस दिवसांच्या काढ्याची कृती. यंदा तो मला तीन ग्रुपांवरून आला. त्यातल्या एकात दोन डॉक्टर आहेत, आणि दोघांनीही खाली हात जोडल्याची खूण टाकली होती. म्हणून हा खटाटोप.

जनावरं आजारी पडत नाहीत, या विधानावर फार शाई घालवत नाही. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, आंत्रविषार, मानमोडी हे शब्द मराठीत मग कुणासाठी आले? पावसाळ्याच्या तोंडावर गुरांच्या दवाखान्याबाहेर जी दावणच्या दावण उभी असते, ती लशीसाठीच. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले आणि शेळ्यांच्या देवीवरची लस गाईबैलांना टोचावी लागली. बुळकांडीने पिढ्यानपिढ्या गोठे रिकामे केले. २०११ मध्ये ती जगातून गेल्याचं जाहीर झालं, तेही लशीच्याच जोरावर. रानातलं जनावर आजारी दिसत नाही, कारण ते आपल्या डोळ्यांसमोर मरत नाही. गिधाडाच्या पोटातलं आम्ल जबर असतं, हे मान्य. पण जंतू जाळणं वेगळं आणि जंतू ओळखणं वेगळं.

ओळखण्याची ताकद माणसाने घालवली, हे मात्र सावकाश तपासायला हवं, कारण ऐकायला ते पटण्यासारखं आहे. शरीराची एक ओळख शिकून येते: गोवर एकदा होऊन गेला की तो लक्षात राहतो. दुसरी जन्मजात असते. ती कुणी शिकवत नाही, जनुकांत लिहूनच येते. साबणाने हात धुतले म्हणून जनुकं धुतली जात नाहीत.

ही दुसरी ओळख किती जुनी आहे, याचा पहिला धागा १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी सापडला. रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकोव्ह याने तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लांत गुलाबाचे काटे खुपसले. सकाळी पाहतो तर काट्याभोवती हलत्या पेशींचा गराडा पडलेला. तारामाशाला ना रक्तवाहिन्या, ना प्रतिपिंडे (जंतूला चिकटणारी, शिकून तयार होणारी प्रथिने). तरी परकं काही घुसलंय हे त्याला कळलं होतं. १९०८ चं नोबेल त्याला यातूनच पुढे मिळालं.

कळतं कसं, याचं उत्तर यायला शंभरावर वर्षं लागली. १९८९ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे याने अंदाज बांधला की ही यंत्रणा एकेका जंतूचा चेहरा पाहत नसावी. जंतूला टाकूनच देता येणार नाहीत अशा गोष्टी ती हुडकत असावी. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला एलपीएस नावाचा रेणू, पोहायच्या शेपटीचं प्रथिन, विषाणूचा दुपदरी आरएनए. कपडे बदलता येतात, हाडं कशी बदलणार?

मग १९९६. स्ट्रासबर्गमध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटाच्या जातीतल्या माशीवर काम चाललं होतं. तिच्यात टोल नावाचं जनुक असतं. गर्भात पोट कुठे आणि पाठ कुठे हे ते ठरवतं, एवढंच तोवर ठाऊक होतं. ते बिघडलेल्या माश्यांना बुरशीचा संसर्ग झाला की बुरशी त्यांच्या अंगभर वाढे आणि त्या मरत. (माशीत टोल स्वतः जंतूला हात लावत नाही, दुसरी प्रथिने जंतू पकडतात आणि टोल फक्त घंटा वाजवतो.) पुढच्याच वर्षी जेनवे आणि मेझिटोव्ह यांनी माणसातलं तसंच जनुक दाखवलं. आज माणसात अशी दहा माहीत आहेत. म्हणजे केळ्यावरच्या त्या माशीत आणि मेसेज पाठवणाऱ्या काकांत घंटा एकाच घराण्यातली आहे. काकांनी ती घालवलेली नाही.

आता यापुढचा, आडून केलेला दावा: जनावरांची ओळख आपल्यापेक्षा तिखट. इथे फेब्रुवारी २००६ मधलं नवापूर आठवा. देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या त्या गावी सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. फ्लूचे बहुतेक प्रकार बदकं मात्र पोटात बाळगून खुशाल पोहत राहतात. याचं एक कारण असं, की विषाणूचा आरएनए पेशीच्या आत ओळखणारं रिग-आय हे जनुक बदकात आहे आणि कोंबडीत ते नाहीच. २०१० मध्ये संशोधकांनी बदकाचं ते जनुक कोंबडीच्या पेशींत घातलं, तर फ्लूच्या विषाणूची वाढ त्या पेशींत कमी झाली. सगळं गणित एवढ्यावर सुटत नाही, काही विषाणू बदकालाही मारतात. पण कोंबडीने कधी पाणी उकळून प्यायलं होतं? साबण लावला होता? तिच्या पूर्वजांच्या वाटेवर कुठेतरी एक जनुक गळलं, इतकंच.

उलट उदाहरण आपलंच. एलपीएसची नॅनोग्रॅमच्या मापातली मात्रा माणसाला हुडहुडी भरून ताप आणते. उंदराला तेवढ्याने काही जाणवतही नाही. म्हणजे या बाबतीत तिखट आपण. आणि समुद्रातल्या जांभळ्या सी-अर्चिनकडे, म्हणजे काटेरी गोळ्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याकडे, आपल्या दहांच्या जागी टोलच्या घराण्यातली २२२ जनुकं आहेत. प्रतिपिंडे नसलेल्या जिवाला पहारेकरी जास्त लागत असावेत, असं मला वाटतं.

वटवाघळाला तर मेसेजमध्ये जवळजवळ देवपण दिलंय. २०१८ मध्ये दिसलं ते असं: पेशीत भलत्या जागी डीएनए सापडला की जे स्टिंग नावाचं प्रथिन इशारा देतं, त्यातलं एक अमिनो आम्ल तपासलेल्या सगळ्या वटवाघळांत बदललेलं आहे, आणि त्यामुळे इशारा मंद होतो. उडण्याचे कष्ट पडताना स्वतःचाच डीएनए तुटतो, दर वेळी बोंब नको, म्हणून हे झालं असावं असा तर्क आहे. म्हणजे त्याची यंत्रणा जोरदार नाही. ती हळू आवाजात बोलते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह या विषाणूविरोधी प्रतिपिंडे मिळाली, ती वटवाघळं धडधाकट फिरत होती. पण वटवाघळं रेबीजने मरतात. उत्तर अमेरिकेत २००६ पासून एका पांढऱ्या बुरशीने लाखो वटवाघळं मारली आहेत.

काढा घेऊन ताकद ‘वाढवणं’ म्हणजे नेमकं काय वाढवणं, हेही एकदा विचारायला हवं. घंटा मोठ्याने वाजवायची? रक्तात जिवाणू शिरून जो सेप्सिस होतो, त्यात घंटा बेताल वाजण्यानेच रक्तदाब कोसळतो. मग बंद करायची? सी३एच/एचईजे नावाची उंदरांची एक जात आहे. तिला एलपीएस टोचलं तरी ढिम्म. मेसेजच्या हिशेबाने हाच खरा पहिलवान. १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांनी कारण शोधलं: एलपीएस ओळखणाऱ्या, टोलच्याच घराण्यातल्या टीएलआर-४ या जनुकात एका अक्षराची चूक. पण हाच पहिलवान साल्मोनेलाच्या मोजक्या जिवाणूंनी मरतो, आणि त्याचे निरोगी भाऊबंद तग धरतात. हॉफमन आणि ब्यूटलर यांना २०११ मध्ये नोबेल मिळालं.

राहिल्या लशी. त्यांनी जन्मजात ओळख बोथट होते म्हणे. खरं तर ती जागी झाली नाही, तर बहुतेक लशींचा धडा शरीर घेतच नाही. बाळाला आपल्याकडची पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, दिल्यावर रात्री अंग तापतं, त्याचं एक मोठं कारण तिच्यातले डांग्या खोकल्याचे मेलेले, पण अख्खे जिवाणू. त्यांच्या आवरणात एलपीएसच्या जातीचाच रेणू असतो. मेलेल्या जिवाणूवरही घंटा वाजते.

आणि लस ‘घाण’ असते म्हणणाऱ्यांसाठी: टोचायच्या औषधात नको तो एलपीएस शिरलाय का हे पाहायला पूर्वी सशांना ते टोचून ताप मोजत. १९५० च्या दशकात फ्रेडरिक बँग यांना दिसलं की हॉर्सशू क्रॅब या, नाव खेकड्याचं पण नातं विंचू-कोळ्यांशी असलेल्या प्राण्याचं निळं रक्त अशा जिवाणूंनी गोठतं. १९७७ पासून अमेरिकेत त्या रक्तपेशींच्या अर्काला चाचणीसाठी मान्यता आहे. आता त्यातलं मुख्य प्रथिन प्रयोगशाळेतही बनवता येतं. या प्राण्याच्या दोन जाती ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतात. डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब त्या अर्कात टाकला, तर तो गोठेल.