सिकलसेलच्या टेस्टला पैसा आहे, समजावून सांगणाऱ्याला का नाही?

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचे आकडे पेपरात आले की सगळे खूश होतात. व्हावंच म्हणा, १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ७ कोटी लोक तपासायचे, २०४७ पर्यंत आजार संपवायचा, त्यात आपलं नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली सगळंच आलं. पण तपासणीच्या निकालाचं कार्ड हातात पडल्यावर त्या घरात काय होतं ते कोण बघतंय?

पोरगी एएस निघाली म्हणजे आईबापापैकी एकाकडूनच सिकलचं जनुक आलेली, नुसती वाहक, तिला स्वतःला सहसा काही होत नाही, पण गावभर "हिला सिकल आहे" एवढंच फिरतं आणि सोयरीक मोडते. पोराचं कार्ड कोणी मागतसुद्धा नाही. अहो, वाहकाचं लग्न एए, म्हणजे हे जनुक नसलेल्या माणसाशी झालं तर मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही, दोघंही वाहक असले तर प्रश्न येतो. आणि तिथंही चारात एक लेकरू आजारी म्हणजे पहिलं लेकरू आजारी निघालं की पुढची तीन सुटली असं नाही, दर खेपेला तेच २५ टक्के. हे कोरकू नाहीतर माडिया बोलणाऱ्या बाईला घाईघाईत मराठीतून सांगून काय कळणार?

आणि सांगतं कोण, तर आशाताई, लॅबवाला, नाहीतर बाहेर लाइन लागलेला पीएचसीचा डॉक्टर. त्यांचा दोष नाही, पण हे समजावणं, म्हणजे जनुकीय समुपदेशन (जेनेटिक काउन्सेलिंग), हे वेगळं शिक्षण आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात "जनुकीय समुपदेशन केंद्र" आहे बघा, म्हणजे खुर्ची कधीपासून मांडून ठेवलीय! २०१९ च्या केंद्राच्या 'उम्मीद' उपक्रमात सरकारी डॉक्टरांना जनुकीय आजारांचं ट्रेनिंग ठेवलं, छानच, पण तो डॉक्टर परत त्याच ओपीडीत.

माझं म्हणणं सरळ आहे. नागपूर, चंद्रपूर, नंदुरबारच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जेनेटिक काउन्सेलिंगचा कोर्स काढा, बीएस्सी, नर्सिंग झालेली तिथलीच पोरं घ्या, फी सरकारने भरायची, स्टायपेंड द्यायचा, बदल्यात काही वर्षं आदिवासी तालुक्यात नोकरी. खर्च फार म्हणणाऱ्यांनी एका एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या लेकराचं जन्मभराचं औषध, रक्त आणि दवाखान्याच्या फेऱ्या जोडून बघाव्या (आईबापाची बुडालेली मजुरी तर कोणी धरतच नाही).

फक्त ही पदं अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नकोत. माणूस टिकला तरच ती बाई दुसऱ्या खेपेला दिवस जायच्या आधी त्याच ओळखीच्या माणसाकडे विचारायला येईल ना.