वजनाचं इंजेक्शन घ्यायचंय? मग डॉक्टरच्या नादी लागू नका

मंडळी, लग्नसराई तोंडावर आलीय, सफारीची बटणं लागत नाहीत, अन् गावात कोणाचा तरी जावई म्हणे आठवड्याला एक सुई घेऊन पार सडपातळ होऊन आला. आता तुम्हालाही पाहिजे. घ्या ना बाप्पा, कोण नाही म्हणतंय. फक्त कोणाकडून घ्यायची यावर लोक उगाच डोकं लावत बसतात, म्हणून हा फुकटचा सल्ला.

पहिले तर डॉक्टरकडे जाऊ नका. एमडी मेडिसिन असो की हार्मोनवाला, नुसत्या चौकशा. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, त्याचा आकडा) 30 च्या वर आहे का, नसेल तर 27 च्या वर असून शुगर-बीपी आहे का, घरात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताचे खडे आहेत का, बाईमाणूस असेल तर एवढ्यात मूल होऊ द्यायचंय का. एवढं तर आपण सख्ख्या भावाला सांगत नाही. त्यापेक्षा तालुक्याच्या जिमवाला भाऊ बरा, तो एकच गोष्ट विचारतो, "फोनपे करता का नगद देता?"

अन् आता तर काय, या सुईतलं जे औषध, सेमाग्लुटाइड, त्याचं आपल्या देशातलं पेटंट मार्च 2026 मध्ये संपलं, म्हणजे बाजार सगळ्यांसाठी खुला झाला. पेटंट संपलं म्हणून इतर औषध कंपन्यांनी रीतसर परवानगी घेऊन बनवायचं असतं, असा सरळ अर्थ काही लोक काढतात. आपण मोठ्या मनानं अर्थ काढायचा अन् त्यात पार्लरवाल्या ताईलाही धरायचं.

मेडिकलवर गेलात तर तिथेही कटकट. भिंतीवर औषध विकायचं फॉर्म 20 अन् 21 चं लायसन फ्रेम करून लावलेलं, आत रजिस्टर्ड फार्मासिस्ट, वर तो चिठ्ठी मागतो. चिठ्ठीशिवाय हे औषध विकता येत नाही म्हणे. ताईकडे असलं काही नाही, तिथे भिंतीवर फक्त आधीचे अन् नंतरचे फोटो आहेत. लठ्ठपणा घालवतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं मनाई आहे, पण स्टेटसला टाकलेलं थोडंच जाहिरातीत धरतात.

आता बिलाचं. तुम्ही कृषी केंद्रातून कपाशीची 475 ग्रॅमची थैली घेता तेव्हा कसे वागता ते आठवा. पक्कं बिल मागता, लॉट नंबर पाहता, एक्सपायरी पाहता, रिकामी थैली अन् टॅग दिवाळीपर्यंत माळ्यावर जपून ठेवता, कारण बियाणं बोगस निघालं तर पंचनाम्याला तोच पुरावा. बरोबरच आहे, ते वावरात टाकायचं असते. हे तर फक्त आपल्या पोटात टोचायचंय, याले कायले पाहिजे बिल?

बोगस तर नसेल ना, असं घरची म्हातारी विचारेल. तिला सांगा की बोगस माल हा मोठ्या देशांचा प्रश्न आहे. 2023 मध्ये ब्राझील, इंग्लंड, अमेरिकेत खोटं ओझेम्पिक (सेमाग्लुटाइडचाच एक ब्रँड) सापडलं, 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्या जगाला सावध केलं, ऑस्ट्रियात तर काही लोक शुगर एकदम उतरून दवाखान्यात भरती झाले, इंजेक्शनच्या पेनात इन्सुलिन असल्याचा संशय होता. पण ते परदेशी लोक, त्यांना माणसाची पारख नाही. आपला माणूस तर सरपंचाचा साळा आहे.

औषध थंड ठेवायचं मात्र ऐकून घ्या, कारण याच्यावर कंपनीवाले फार घोळ घालतात. कंपनी म्हणते, न वापरलेलं औषध 2 ते 8 डिग्रीत ठेवा. फ्रिजबाहेर ठेवायची थोडे दिवस सूट आहे, तीही 30 डिग्रीच्या आत. आपल्याकडे मे महिन्यात 30 डिग्री पहाटेसुद्धा नशिबात असली तर असते, दुपारी पारा 45 वर. तुमचं पार्सल नागपूरहून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत येतं, मग पानठेल्यावर दोन तास तुमची वाट पाहतं, मग घरी फ्रिजमध्ये जातं जिथे लाइन संध्याकाळी येते. चांगलं मुरते म्हणायचं. चुकून बर्फात गोठलं तर ते फेकून द्यायचं असतं म्हणतात, पण एवढ्या पैशाची वस्तू कोणी फेकतं का.

डोसचं काय? सेमाग्लुटाइड आठवड्याला 0.25 मिलिग्रॅमपासून सुरू करून चार-चार आठवड्यांनी हळूहळू वाढवतात, टिर्झेपाटाइड नावाची दुसरी अशीच सुई 2.5 पासून. इतकं थांबलो तर पोरीचं लग्न होऊन ती माहेरपणाला येईल. म्हणून भाऊ सुटी बाटली अन् इन्सुलिनची सिरिंज देतो, "इथपर्यंत ओढा" म्हणून नखानं खूण करून. मिलिग्रॅम, मिली अन् युनिट यात फरक असतो हे खरं, अमेरिकेत अशाच बाटल्यांतून लोकांनी पाच ते वीस पट औषध ओढून घेतलं अन् 2024 मध्ये तिथल्या औषध खात्याला इशारा काढावा लागला. त्यांच्याकडे आपल्या भाऊसारखं नख नव्हतं ना.

मग मळमळ होईल, ओकाऱ्या होतील. हे औषध पोटातलं जेवण पुढे सरकू देत नाही लवकर, अन् तुम्ही भंडाऱ्यात रोडगे-वांग्याची भाजी आग्रहाखातर तीनदा घेतलेली. उन्हाळ्यात ओकून ओकून अंगातलं पाणी गेलं की किडनीवर येते, अन् पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून पाठीकडे कळ गेली तर डॉक्टर लोक लगेच स्वादुपिंडाचं नाव काढतात. भाऊला फोन लावा. भाऊ म्हणतो, "चरबी वितळून रायली." निर्धास्त झोपा.

बंद केल्यावर वजन परत येतं का, हे त्याला विचारू नका, त्याचा चेहरा उतरेल असं तुम्हाला वाटेल पण नाही, खुलेल. एका मोठ्या अभ्यासात इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेलं दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. म्हणजे तुम्ही पुढच्या वर्षीचं पक्कं गिऱ्हाईक.

राहता राहिली तक्रार. अन्न व औषध प्रशासनात गेलात तर ते बिल मागतील, खोका मागतील, बॅच नंबर मागतील. यातलं तुमच्याकडे काहीच नाही, म्हणजे चकरा वाचल्या. औषधानं त्रास झाला तर कळवायला 1800-180-3024 हा सरकारी फुकट नंबरही आहे, पण तिकडच्या मॅडम पहिलेच विचारतील, औषधाचं नाव काय. मग तुम्ही काय सांगाल, "निळ्या टोपणाचं"?